तिसऱ्या कप्प्यातली फाइल

ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी नोकरी केली आणि शेवटची अकरा वर्षं तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. निवृत्त झाले तरी तोंड सांभाळून बोलायची सवय गेलेली नाही. रेकॉर्ड रूमला बदली म्हणजे शिक्षा, असं आमच्याकडे सगळे मानत. मला मात्र ती मानवली. साहेबांची ये-जा नाही, सारखे फोन नाहीत, आणि लाल रुमालात बांधलेले कागद कधी उलटून बोलत नाहीत.

माझ्या टेबलासमोर एक लाकडी बाक होता. लोक यायचे, गाव आणि साधारण साल सांगायचे. शिपाई शिडीवर चढून त्या सालच्या फायलींचा रुमाल काढायचा. माणूस बाकावर बसून आपली फाइल चाळायचा, हवं ते वहीत उतरवून घ्यायचा आणि जायचा. तसा नियमही होता, पण नियमापेक्षा तो आमचा शिरस्ता होता. काही जण तर नुसती आजोबांची सही बघायला यायचे. मी त्यांना हसायची, पण फाइल द्यायची.

बाळकुमच्या मावशी याच बाकावरच्या. गळ्यात क्रूस, नेसायला लुगडं, आणि समोर साहेब असो की शिपाई, सगळ्यांना सरसकट 'तू'. बाळकुम अजून गाव होतं तेव्हा लग्न होऊन त्या तिथल्या कौलारू घरात आल्या होत्या. आता त्या घरावरून नवा रस्ता जाणार होता. घर जुनं आहे हे कागदाने सिद्ध झालं तर त्यांना गावातच बदली खोली मिळणार होती. नाही झालं तर अतिक्रमण म्हणून त्या बाहेर. पुरावा एकच होता. त्यांच्या सासऱ्यांनी ग्रामपंचायतीकडून घर दुरुस्त करायची परवानगी घेतली होती, आणि ग्रामपंचायतीचं ते दप्तर पुढे आमच्याकडे येऊन पडलं होतं.

आमच्याकडे लोकांना भेटायचा दिवस मंगळवार. तीन मंगळवार शोधण्यात गेले, चौथ्याला फाइल सापडली. मावशींनी सासऱ्यांच्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. पण प्रतीवर सही करणारे साहेब त्या दिवशी रजेवर होते. मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी या, आणि फाइल परत रुमालात बांधण्याऐवजी त्यांच्यादेखत माझ्या कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात ठेवली. पुन्हा शिडी, पुन्हा धूळ कशाला? असं आम्ही सगळेच करायचो. अर्ध्यावर राहिलेल्या कामाची फाइल कपाटात ठेवायची, आणि ती हलवल्याची नोंद वहीत करायची ती नंतर, सवडीने.

तो पुढचा मंगळवार यायच्या आधीच घोटाळा बाहेर आला. मी राहायला डोंबिवलीत. सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर आमच्याच कार्यालयाचा फोटो. एका पुढाऱ्याच्या नातेवाइकांनी उभ्या केलेल्या इमारतींच्या परवानग्या खोट्या निघाल्या होत्या. नव्या कागदांवर जुन्या तारखा घालून ते जुन्या फायलींमध्ये शिवून टाकले होते. कोणी शिवले ते मला आजही ठाऊक नाही. जिन्यात शेजारणीने विचारलं, हे तुमचंच ऑफिस ना? मी हो म्हटलं आणि उरलेल्या पायऱ्या जरा भरभर उतरले.

दोन दिवसांनी तपासाची माणसं आली. रुमालाबाहेर सापडेल ती प्रत्येक फाइल संशयित, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्यांनी माझं कपाट उघडलं, आतल्या फायलींची यादी केली, त्या पोत्यात भरल्या आणि पोत्यावर लाखेचा शिक्का मारला. मावशींची फाइल त्यातच गेली. ही इथे मी ठेवली होती, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी घाबरले आणि गप्प बसले.

त्यानंतर बाक जिन्याखाली गेला. रेकॉर्ड रूमच्या दाराला जाळी बसली, जाळीत खिडकी, आणि खिडकीत मी. विरोधकांनी गदारोळ केला तेव्हा सगळे कागद ऑनलाइन टाकणार, असं मंत्र्यांनी हारतुरे घेत जाहीर केलं. काही टाकलेही. पण जे जप्त होतं ते स्कॅन कसं होणार? शिवाय जे जप्त नव्हतं तेही द्यायला आता कोणी धजेना. प्रत्येक अर्जाला एकच उत्तर जाऊ लागलं: 'सदर अभिलेख तपासाधीन असल्याने माहिती देता येत नाही.' हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलं की बोटं आपोआप चालायची. ज्यांच्यावर खटला होता त्यांच्या वकिलांना कोर्टातून कागदांच्या प्रती मिळाल्या. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्या वाट्याला हे वाक्य आलं.

मावशी खिडकीशी चार मंगळवार आल्या. चारही वेळा मी त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. त्या भांडल्या नाहीत. चर्चच्या वहीत माझं लग्न दोन मिनिटांत सापडतं, एवढं एकदा म्हणाल्या. जाळीतून माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघायच्या आणि जायच्या. मी पुढच्या माणसाला हाक मारायची.

मग त्यांचा माहिती अधिकारातला अर्ज आला, गावातल्या कुणा शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात. फाइल मागितलेली नव्हतीच. प्रश्न एकच होता: माझ्या घराची फाइल रुमालातून कोणी, कधी आणि कशासाठी बाहेर काढली? अशा अर्जांच्या उत्तरांचा मसुदा माझ्याच टेबलावर व्हायचा. सवयीने मी तेच वाक्य टाइप केलं, कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी न वाचता पेनाचं टोपण काढलं, आणि मी तो कागद ओढून घेतला. विचारलेली माहिती कुठल्याही पोत्यात नव्हती. ती माझ्याकडे होती.

मी काय लिहिणार ते साहेबांना सांगितलं. माणूस वाईट नव्हता. ते हळूच म्हणाले, "बाई, दीड वर्ष राहिलंय तुमचं. बढतीची यादी वर गेलीये. कशाला?"

मी जाऊन लिहून आणलं: फाइल मी काढली, अर्जदाराला प्रत देण्यासाठी काढली, साहेब रजेवर असल्याने कपाटात ठेवली, हालचाल वहीत नोंद केली नाही. खाली माझं पद. साहेबांनी या खेपेला सगळं वाचलं आणि सही केली.

आठवड्याभरात मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. बढतीच्या यादीतून नाव गेलं. सेवापुस्तकात शेरा आला: 'अभिलेख विनापरवानगी हलविला.' मला वाईट वाटलं, नाही कसं वाटणार? कामात चोख म्हणून मी स्वतःला फार मिरवत आले होते.

मावशींनी ते उत्तर तपास अधिकाऱ्यांकडे नेऊन दिलं. त्यांनी फाइल तपासली, कागद जुने आणि खरे निघाले, आणि ती परत आली. प्रत न्यायला मावशी आल्या तेव्हा मी जाळीचं दार उघडून त्यांना आत घेतलं. बाक नव्हता, म्हणून माझ्या खुर्चीवर बसवलं. मी माफी मागायला लागले, की मावशी, फाइल माझ्या कपाटात होती म्हणून अडकली, हे मी तुम्हाला खिडकीतच सांगायला हवं होतं.

"मना ठाव व्हतं, बाय," त्या म्हणाल्या. "माज्या डोल्यांसमोर ठेवलीस ना तू. पन माजं कोन लिवून घेल? तुजं लिवलेलं पायजे व्हतं."

त्यांनी प्रत घडी करून पिशवीत ठेवली आणि गेल्या. मी जाळीचं दार लावलं आणि खिडकीत बसले. चार मंगळवार त्या जाळीतून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ते मी बोलेन म्हणून.