डिकीतली दोन पोती

आमच्या गाडीच्या डिकीत तांदळाची दोन पोती कायम असतात, पन्नास-पन्नास किलोंची. ही पद्धत वडिलांनी पाडली. गोल दिव्यांची, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली ही जुनी गाडी मागच्या चाकांच्या जोरावर चालते, आणि आमच्या घरापासून डांबरी सडकेपर्यंतचा चढ लाल मातीचा आहे. डिकी रिकामी असली की पावसाळ्यात चाकं जागच्या जागी फिरतात. पोती असली की गाडी मुकाट चढते. शिवाय डिकीत उंदीर शिरत नाहीत. म्हणून घरचा तांदूळ डिकीतच राहतो. स्वयंपाकाच्या आधी बायको माझ्याकडं गाडीची किल्ली मागते, आणि एक पोतं उतरायला लागलं की त्याच्या जागी भरलेलं येतं. जोयड्याच्या रानात गाडी बाळगणाऱ्या घरांत असं काहीतरी असतंच. कुणी तांदूळ ठेवतं, कुणी चिरे.

गेल्या वर्षी खानापूरकडच्या काही हौशी मंडळींनी एका घाटात जुन्या गाड्यांची शर्यत ठरवली. सकाळपुरता रस्ता बंद ठेवायचा, एकेक गाडी सोडायची आणि ठरलेल्या वेळेत ती वर पोचते का ते बघायचं. मला जायचं होतं. बायकोला मात्र ती गाडी तिच्या धाकट्या भावाला द्यायची होती. मेव्हण्याचं गणेशगुडीला नदीकाठी पर्यटकांसाठी लॉज आहे. गाडीचं इंजिन काढायचं, बॉनेटमध्ये माती भरून झेंडू लावायचा आणि ती फाटकाशी उभी करायची, म्हणजे लोक शेजारी उभे राहून फोटो काढतील, असा त्याचा बेत होता. शेवटी आमच्यात ठरलं. गाडी वेळेत वर पोचली तर झेंडूचा विषय कायमचा बंद. नाही पोचली तर दुसऱ्या दिवशी ती गणेशगुडीला.

मग मी सस्पेन्शनच्या मागं लागलो. इंजिनाची ताकद वाढवणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, पण वळणावर गाडी कमी झुकली तर ब्रेक कमी लागतो आणि वेळ वाचतो, एवढं मला समजत होतं. पुढच्या स्प्रिंगांचे तीन प्रकार मिळत होते, शॉकअब्सॉर्बरचे चार. म्हणजे बारा जोड्या झाल्या. त्यातल्या सात मी नुसत्या आकडेमोडीनं बाद केल्या. उरलेल्यांसाठी गाडीची मापं हवी होती. खळ्यात, सपाट जमिनीवर गाडी उभी केली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावला. चालकाच्या जागी वजन हवं म्हणून बायकोला बसवलं होतं. ती तिथं बसून लसूण सोलत होती. पुन्हा मापं घेतली, तीच आली.

मापांवरून दिसलं ते असं, की गाडी पुढून उंच आणि मागून बसकी होती. खड्ड्यात मागचा ॲक्सल रबराच्या ठोकळ्यावर आपटायचा. म्हणजे पुढं आखूड, कडक स्प्रिंग घालायची आणि मागं जोर वाढवायचा.

रामनगरचा माझा मिस्त्री मूळचा ट्रकांचा. कुठल्याही गाडीच्या कुठल्याही तक्रारीवर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवावा, असं त्याचं मत. या वेळी मीच पाटा वाढवायला सांगितल्यावर तो इतका खूश झाला की त्यानं चहा मागवला. पाटा निवडताना त्यानं विचारलं, "माल किती भरणार?"

शर्यतीत माल नसतो, असं मी त्याला हसून सांगितलं.

काम झकास झालं. परत येताना डॅशबोर्डवर ठेवलेलं लिंबू एकाही वळणाला घरंगळलं नाही.

शर्यतीच्या सकाळी बायको साक्षीदार म्हणून आली. मेव्हणा आपली जीप घेऊन आला होता, आणि बॉनेटची लांबी-रुंदी घेऊन ठेवायला टेपही. गाड्या तपासणाऱ्या गृहस्थांनी आमची डिकी उघडली आणि हे काय, असं विचारलं. तांदूळ आहे, असं मी म्हणालो. कशाला, असं त्यांनी विचारलं. खळ्यातली सगळी मापं मी ही पोती आत असतानाच घेतली होती, हे मला तेव्हा आठवलं.

डिकीत सुटं सामान चालणार नव्हतं. पहिलं पोतं काढलं तशी गाडी मागून दोन बोटं उचलली, दुसरं काढल्यावर आणखी दोन. गवतात तोंड घातलेल्या म्हशीसारखी ती दिसायला लागली. सरावाच्या पहिल्याच वळणावर मागचा भाग माझ्याआधी पुढं जाऊ बघत होता. असं चालवायचं तर सावकाश चालवायला हवं, आणि सावकाश म्हणजे झेंडू.

मी नियमांचा कागद वाचला. जितक्या सीट तितकी माणसं चालत होती, हेल्मेट आणि पट्टा लावून. मागच्या सीटला पट्टे मी आधीच बसवून घेतले होते. डिकी ॲक्सलच्या मागं, सीट पुढं. म्हणजे शंभर किलो तांदळाच्या जागी माणसं दीडशेच्या वर लागणार, साधारण एकशेछप्पन्न. मेव्हणा शंभराला दोन कमी, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. राहिले अठ्ठावन्न. मी बायकोकडं बघून तो आकडा बोललो. आकडा बरोबर होता. भोवतीची मंडळी ऐकत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मेव्हणा म्हणाला, "म्हणजे दाजी, तुमची गाडी वर जावी म्हणून मी बसायचं?"

"व्हय."

"मग माझ्या झेंडूचं काय?"

"बस गप," बायको त्याला म्हणाली. "न्हाई बसलास तर तुझ्यामुळं हरलो म्हणून हे जन्मभर सांगत बसतील, आणि ते ऐकायला घरात मी हाय."

तो मागं बसला, शेजारी बायको बसली. गाडी मागून चार बोटं खाली आली. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवून मी टेप लावला. खळ्यातलं माप आणि हे माप यांत फरक नव्हता.

पहिल्या दोन वळणांना मेव्हणा कोकणीत देवांची नावं घेत होता. तिसऱ्याला तो आपणहून आतल्या बाजूला झुकला आणि शेजारच्या आपल्या अक्कालाही झुकायला सांगायला लागला. पाचव्याला समोर तीव्र वळण दिसलं, मी पाय ब्रेककडं नेला, तर मागून आवाज आला, "दाजी, एवढ्यात न्हाई. धरा अजून." मी धरलं. गाडी सडकेला चिकटून फिरली. आम्ही वर पोचलो ते वेळ संपायला थोडाच अवकाश असताना. निकालात आमच्यामागं फक्त दोन गाड्या होत्या, त्यातल्या एकीचं रेडिएटर वाटेतच उकळलं होतं. पण वेळेत ते वेळेत.

मेव्हण्यानं झेंडू ड्रमात लावलाय. लॉजवर येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो की आम्ही घाट मारला, आणि त्यात मी फक्त स्टिअरिंग धरून होतो.

यंदाची शर्यत जाहीर झाली आहे. मधल्या काळात मेव्हण्याला साखर निघाली. डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितला, आणि त्यानं तो खरंच बंद केला आहे. परवा मी रामनगरला जाऊन मिस्त्रीला विचारलं, वाढवलेला पाटा काढावा का. तो गाडीखालूनच म्हणाला, "माल किती भरणार?"

या वेळी मी हसलो नाही. तिथूनच मेव्हण्याला फोन लावला आणि काट्यावर उभं राहायला सांगितलं.