घोडेस्वाराचा फेरफार

निवृत्त झाल्यावर मी पुण्यात मोडी लिपीच्या वर्गात नाव घातलं. वर्गात आम्ही वीसेक जण होतो आणि प्रत्येकाला आपला सरदार पूर्वज शोधायचा होता. शेळ्या राखणारा पणजोबा कुणालाच नको होता. मला कुणीच शोधायचं नव्हतं. सरदार आमच्या घरात आधीच सापडलेला होता.

निमगाव सावाला आमचं घर आहे. घरात आता सगळ्यांत मोठे म्हणजे माझे चुलते, तात्या. ते सांगायचे की आमचा मूळ पुरुष शिवनेरीवरच्या शिबंदीत घोडेस्वार होता आणि पराक्रमाबद्दल त्याला इथली जमीन इनाम मिळाली. पुरावा म्हणून देवघरात लोखंडाची एक कडी ठेवलेली असायची. ती त्याच्या घोड्याची रिकीब, पाय ठेवायची. माझ्या वडिलांचं खाजगीत म्हणणं होतं की ती मोटेची कडी आहे. पण थोरल्या भावापुढे बोलायची त्यांची टाप नव्हती. दसऱ्याला आम्ही तिला हळद-कुंकू वाहायचो.

वडील गेल्यावर आम्हा तिघी बहिणींना तात्यांनी जुन्नरला बोलावून घेतलं आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. जमीन घोडेस्वाराच्या तलवारीनं आलेली, ती मुलाकडून मुलाकडंच जायची. आमचा भाऊ तोंड फिरवून उभा होता. आम्ही सह्या केल्या, साड्या घेतल्या, मिसळ खाल्ली आणि आपापल्या घरी गेलो. मी तीस वर्षं शाळेत मुलींना समान हक्क शिकवले, हे इथं सांगितलेलं बरं.

मग तात्यांच्या नातीला अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता आणि त्यासाठी कुणबी दाखला हवा होता. तालुक्यात तेव्हा घरोघरी जुन्या नोंदींचा शोध चालला होता. मोडी वाचणाऱ्याकडे ही रांग. तात्यांना अचानक माझा वर्ग आठवला. फोनवर म्हणाले, दाखल्याचं काम तर करच, पण त्याच दमात आपली वंशावळही काढ, पुस्तिका छापू.

मी आणि तात्या चार दिवस तहसील कचेरीत बसलो. तात्या रोज इस्त्रीचा फेटा बांधून यायचे, जणू घोडेस्वार त्या दप्तरातून उठून मुजराच घेणार होता. तिसऱ्या दिवशी कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या बुकात तो सापडला. नाव बरोबर, गाव बरोबर, काळ मात्र इंग्रजांचा. जात कुणबी. धंदा शेती. मरणाचं कारण ताप. तात्यांनी दोनदा वाचून घेतलं. जात ऐकून त्यांचा चेहरा खुलला, धंदा ऐकून पडला. ताप कसला ते लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. लढाईतली जखम चिघळून आला असेल, असं त्यांना वाटत होतं. मी सांगितलं, नुसता ताप.

नातीचं काम झालं होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण तात्यांना इनामाचा कागद हवा होता, म्हणून चौथ्या दिवशी मी जुने फेरफार चाळले, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदी. आमच्या जमिनीची नोंद सापडली. इनाम कुठंच नव्हतं. जमिनीचा धनी दुसऱ्याच आडनावाचा एक शेतकरी होता. तो वारला, त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी होती. जमीन तिच्या नावावर झाली. तिचा नवरा मूळचा येडगावचा, सासऱ्याच्या घरी राहून तीच जमीन कसत होता. तो नवरा म्हणजे आमचा घोडेस्वार.

मी हे हळू आवाजात वाचून दाखवलं. तात्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"म्हंजी घरजावई?" ते म्हणाले.

"हो. आणि जमीन मुलीची."

बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिले. मग म्हणाले, "ह्ये पान नगं घिऊ."

मी म्हटलं, पान नको तर निदान तिचं नाव तरी वंशावळीत सगळ्यांत वर घालू. त्यावर त्यांनी मला समजावलं की बायांची नावं वंशावळीत घालायची रीत नसते. मी त्या पानाची नक्कल माझ्यासाठी काढून घेतली. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. ते बरं वाटणं काही थोर नव्हतं. एका म्हाताऱ्याचा घोडा मी काढून घेतला होता, आणि मला मजा आली होती.

पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर घोडा उधळलेला. आत घोडेस्वार, त्याखाली त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. मोडी वाचनासाठी माझे आभार मानले होते, तेही माझ्या नवऱ्याच्या नावानं.

भाद्रपदात सर्वपित्रीला मी गावी गेले. स्वयंपाकघरात मी आणि काकू दोघीच होतो, तेव्हा काकूंनी विचारलं की त्या बाईचं नाव काय होतं. तात्या घरी काहीच बोलले नव्हते. नातीनं माझ्याकडून ऐकून आजीला सांगितलं होतं. मी नाव सांगितलं. काकूंनी ते दोन-तीनदा पुटपुटून बघितलं.

"म्हंजी या घरातली पैली बाई सून नव्हती," त्या म्हणाल्या. "लेक व्हती."

पितरांची पानं मांडताना त्यांनी एक पान जास्त वाढलं. भात, आमटी, खीर, वडे, सगळं. तात्यांनी पानं मोजली आणि हे कुणाचं म्हणून विचारलं.

"मालकिणीचं," काकू म्हणाल्या. पन्नास वर्षांच्या संसारात मी त्यांना तात्यांसमोर बसून बोलताना पाहिलं नव्हतं. त्या बसूनच होत्या.

तात्या माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी हातात पाणी घेतलं, सगळ्या पानांभोवती फिरवलं, त्या पानाभोवतीही फिरवलं, आणि काकूंना विचारलं, "नाव काय घिऊ?"