माझ्या हातचा कॉम्प्युटर

पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली. त्यामुळे मुलीचा कॉम्प्युटर दुकानातून जोडून आणायचा नाही, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं. सुटे भाग सीताबर्डीच्या बाजारातून आणले, जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली आणि एका रविवारी सगळं स्वतः जोडलं. पहिल्याच बटणाला तो सुरू झाला. पुढचे दोन दिवस मी शेजारीपाजारी सांगत फिरले.

मुलगी ॲनिमेशनचं काम करते. पुण्याच्या एका कंपनीने तिला पहिली फिल्म घरून करून बघायची मुभा दिली होती. जमलं तर प्रतापनगरातल्या आमच्या घरून, नाही तर पुण्याला ऑफिसात. तिकडे तिने एक खोलीही बोलून ठेवली होती. ती जाऊ नये असं मला फार वाटत होतं, पण कुणाला सांगायची सोय नव्हती. पोरींना घरात कोंडून ठेवू नका, हे इतकी वर्षं लोकांना मीच सांगत आले होते.

कॉम्प्युटर टायपिंग केलं, गाणी लावली तर शहाण्यासारखा चाले. फिल्म तयार करायला लावली, म्हणजे खरं काम अंगावर पडलं, की दहा-बारा मिनिटांत आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. केलेलं सगळं पाण्यात. सोमवारपर्यंत ती एका मिनिटाची फिल्म पाठवायची होती, आणि गुरुवार उजाडला तरी दहा सेकंदांचीही पुरी झाली नव्हती.

"काहून बंद पडून राहिला वं आई हा?" ती विचारायची.

लाइट कमी-जास्त होते, असं सांगून मी स्टॅबिलायझर आणला. फरक पडला नाही. मग पॉवर सप्लायच खराब निघाला म्हणत दुकानदाराशी भांडले. त्याने माझ्यासमोर तपासून सांगितलं, "ताई, सप्लाय एकदम बढिया आहे. दुसरं काहीतरी बघा." त्याला चार शब्द ऐकवून मी दुसरा सप्लाय घेऊन आले. तोही बारा मिनिटंच टिकला.

नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. "रिकाम्या गाडीले चालते, ओझं टाकलं का बसते. आमच्या गावी, खाप्याले, असाच एक बैल होता."

"आई, स्क्रीनवर प्रोसेसरचं टेंपरेचर सत्त्याण्णव डिग्री दाखवून राहिलं," मुलगी म्हणाली.

प्रोसेसर फार तापला की कॉम्प्युटर स्वतःच बंद होतो, म्हणून तो थंड ठेवायला त्याच्यावर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा बसवतात, वर पंखा असतो. मी झाकण उघडून त्या पात्यांना बोट लावलं. गार होती. "आकडा खोटा आहे," मी निकाल दिला. बोटावर नाही, मीटरवर विश्वास ठेवा, हे मी पोरांना अठ्ठावीस वर्षं शिकवलं होतं. पण ती दुसऱ्यांची पोरं.

शुक्रवारी दुपारी मी चहाला आधण ठेवत होते आणि ती आतल्या खोलीत पुण्याच्या घरमालकीणबाईंशी फोनवर बोलत होती. "हो काकू, सोमवारीच निघते. खोली माझीच धरा." मी गॅससमोर तशीच उभी राहिले. पातेल्याच्या कडेला हात लागून चटका बसला, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. खाली जाळ असेल तर भांडं तापलंच पाहिजे. जाळ आहे आणि भांडं गार, म्हणजे मधे काहीतरी आहे.

चहा तसाच टाकून मी चार स्क्रू काढले आणि ठोकळा उचलला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा होता. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, बसवण्यापूर्वी काढा.

आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. फ्रिजच्या दारावर ते सात वर्षं आहे, टीव्हीचा रिमोट पिशवीतूनच दाबतो, मिक्सरचं झाकणही अजून कागदासकट. वस्तू नवी राहते, असं माझंच म्हणणं. हाताने सवयीप्रमाणे पापुद्रा जपला होता आणि त्याच्याखाली उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचवणारी पेस्टही नीटनेटकी लावली होती. काखेत कळसा आणि मी सीताबर्डीला वळसे घालत होते.

घरात कुणी बघत नव्हतं. पापुद्रा मुठीत चुरगळून, सप्लायचाच दोष होता म्हणून सांगता आलं असतं. खरं सांगते, मी मूठ मिटली होती. मग मुलगी बाहेर आली आणि मी मूठ उघडून तिच्यापुढे धरली. ती मटकन खाली बसून हसायला लागली. नवऱ्याने पेपर बाजूला ठेवला आणि अख्ख्या घरातलं प्लास्टिक मोजायला घेतलं. मलाही हसू आवरेना. इतकं हलकं मला आठवडाभर वाटलं नव्हतं.

पुसून, नवी पेस्ट लावून सगळं पुन्हा बसवलं. शनिवारी सकाळी तिने फिल्म लावली. बारा मिनिटं गेली, तास गेला, पाती छान कोमट लागत होती. दुपारच्या जेवणापर्यंत मिनिटभराची फिल्म तयार होऊन पुण्याला गेली. संध्याकाळी उत्तर आलं, काम पसंत आहे, घरूनच चालू ठेवा.

तिने लगेच फोन लावला. "काकू, खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका."

"इतकी घाई काहून?" मी तिला फाडकन बोलले. "राहू द्यायची होती धरलेली. उद्या लागली तर? माझ्यासाठी थांबायची काही गरज नाही."

तिने फोन खाली ठेवला. "आई," ती म्हणाली, "तू रडून राहिली."