मोगलाईच्या नाक्यावर स्टोव्ह

सायकलीवरून नळदुर्गचा किल्ला पाहून यावा आणि वाटेत स्वतः रांधून खावे, ही कल्पना माझी. खरे कारण किल्ला नव्हता. बाबूराव वकील आणि दत्तोपंत मास्तर हे माझे शाळेपासूनचे मित्र. दत्तोपंतांनी खादी धरल्यापासून आणि बाबूरावांनी टाय बांधल्यापासून त्यांचे बोलणे माझ्यामार्फतच चाले. एका पातेल्यातले जेवले तर पुन्हा बोलू लागतील, असे मला वाटले.

पण ते पातेले कशावर ठेवायचे, यावरच खल सुरू झाला. बाबूरावांनी पंपाचा विलायती स्टोव्ह मागवला. त्यावर शिजलेला घास आपल्या घशाखाली उतरणार नाही, असे दत्तोपंतांनी मला कळवले आणि लोखंडी शेगडी आणली. शेगडी घेऊन सायकल चालवणे म्हणजे देशाला मागे नेणे, असे बाबूरावांनी मला कळवले. मी दोन्ही घ्यायचा तोडगा काढला. तोडगा माझा म्हणून शेगडी, कोळसे आणि पितळी पातेले माझ्याच सायकलीला बांधण्यात आले.

सकाळी सोलापुरातल्या 'सात रस्ता' चौकातून निघालो. शेगडीच्या खडखडाटाने कुत्री मागे लागली. बोरामणीला पाणी प्यायला थांबलो, तर एक म्हातारी घरातून काळवंडलेली परात घेऊन आली.

"कल्हईवालं न्हवं तुमी?" तिने बाबूरावांच्या टायकडे पाहत विचारले.

बाबूरावांनी तो टाय खिशात घातला.

पुढे मोगलाईची (निजामाच्या राज्याची) हद्द लागली. करोडगिरीच्या (जकातीच्या) नाकेदाराने शेगडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. स्टोव्ह मात्र त्याने उचलून उन्हात धरला. पितळ लखलखत होते. नवा माल, महसूल भरा किंवा ठेवून जा, असे तो म्हणाला. वापरातल्या वस्तूवर महसूल नाही, असा कायदा बाबूरावांनी सांगितला. नाकेदाराने तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "वकीलसाब, ये जलाना तो आता ना?"

भोवती जमलेली माणसे हसली. बाबूरावांचा चेहरा पडला. त्यांना स्टोव्ह पेटवता येत नव्हता, हे तेव्हा आम्हालाही कळले.

तोच दत्तोपंत पुढे झाले. "तो स्टोव्ह माझ्या घरचा आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे रोज यावरच स्वयंपाक होतो."

अंगावर नखशिखांत खादी, आणि त्या माणसाने हे सांगितले. नाकेदाराने त्यांनाच स्टोव्ह पेटवायला लावले. बर्नर तापवायचे सोडून दत्तोपंतांनी आधी पंप मारला आणि मग काडी लावली. भडका उडाला, रॉकेल चहूकडे पेटले आणि त्यांच्या मिशीचा एक आकडा गेला. बाबूरावांनी आपला कोट टाकून आग विझवली.

नाकेदाराने काळा ठिक्कर पडलेला स्टोव्ह पुन्हा निरखला. "इत्ती कालिख नवे माल पे नै रहती," तो म्हणाला. "जाव, पुराना है."

किल्ल्यापाशी शेगडीवर खिचडी केली. खालून करपली, वरून कच्ची राहिली. दोघांनी शेजारी बसून ती खाल्ली आणि किल्ल्यातल्या, नदीच्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालाकडे पाठ करून शाळेतल्या आठवणी काढत राहिले. बोरी नदी मी एकट्यानेच पाहिली.

परत सोलापूरला आल्यावर लोकांनी किल्ल्याबद्दल विचारले. मी नदीबद्दल सांगितले. ते दोघे एकमेकांची वाक्ये पुरी करत नाक्याबद्दल सांगत होते. पुढच्या वेळी सामान निवडण्याचे काम माझ्याकडे द्यायचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरवले. कितीतरी दिवसांनी त्यांचे एका गोष्टीवर एकमत झाले होते, आणि ते त्यांनी माझ्यामार्फत ठरवले नव्हते.