आरोनच्या खांद्यावरचा हात

पनवेलात इस्राएल तळ्याजवळ एलिएझर मिस्त्रीचं घर होतं. आमच्या शाळेचे बाक त्यानंच केलेले. रंधा मारताना गुणगुणायचा. क्षय झाला, नवी इंजेक्शनं घेऊन चोपन्न साली तो बरा होऊन परतला आणि गुणगुणणं थांबलं. भिंतीच्या कडेनं चालू लागला. लोक म्हणत, अशक्तपणा असेल.

त्यांच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या, प्रार्थनाघराला गावात मशीदच म्हणत. तिथं 'शेमा' ही प्रार्थना म्हणताना उजव्या हातानं डोळे झाकायचे असतात. बाकीचे बसून म्हणत. एलिएझर मात्र उभा राही, कारण त्याचे वडील उभे राहत. परतल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्यानं डोळे झाकले आणि तो आडवा झाला.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, आज सकाळीच ताडी?"

थोडे हसले. पुढच्या शनिवारी तो पुन्हा पडला, तेव्हा कुणी हसलं नाही. वर बायकांच्या माडीवर त्याची बायको मिल्का उभी होती.

धाकटा भाऊ आरोन, तोही सुतारच, त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला उभं करून डोळे मिटायला लावले, पडताना धरलं आणि समजावलं, "कानाच्या आत बारीक नळ्या असतात, त्यात पाणी. मान वळली की पाणी जरा मागं रेंगाळतं. त्या धक्क्यानं आतले केस वाकतात आणि आपण हललो हे मेंदूला कळतं. इंजेक्शनांनी ते केस गेले."

"म्हणजे पाणसळीतलं पाणी आटलं?" एलिएझरनं विचारलं. सपाटी बघायची ती बुडबुड्याची पट्टी रोज त्याच्या हातात असे.

"पाणी आहे हो. बुडबुडा बघणारा गेला. आता डोळ्यांनी बघून, हातापायांनी चाचपून उभं राहायचं. शेमा बसून म्हणा."

"वडील उभ्यानं म्हणायचे," एलिएझर म्हणाला. आवाजात राग नव्हता, हट्टही नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

तोड आरोननं काढली. शनिवारी तो शेजारी उभा राही. एलिएझर उजव्या हातानं डोळे झाकी आणि डाव्या हाताचं बोट भावाच्या खांद्याला टेकवी. भार टाकायचा नाही, नुसतं टेकवायचं. तेवढ्यानं तो उभा राही.

"दादा, दाबू नका हो, नवा सदरा आहे," आरोन कुजबुजे.

"गप. नीट म्हण."

अशी काही वर्षं गेली. मग आरोनचं इस्राएल देशी कायमचं जायचं ठरलं. मुंबईला बोट गाठायला तो निघाला तेव्हा मोटारस्टँडवर सगळे रडले. एलिएझर खांबाला हात लावून उभा होता. आरोन पाया पडला, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "हत्यारं नीट बांधलीस ना?"

त्या शनिवारी शेमाच्या वेळी तो नेहमीसारखा उठला. डोळे झाकले. डावा हात सवयीनं बाजूला गेला आणि मोकळ्या हवेत राहिला. त्यानं डोळ्यांवरचा हात काढला. रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग वरच्या दिव्याकडे. सावकाश बसला, पुन्हा डोळे झाकले आणि बसूनच म्हटलं. बाक त्याच्याच हातचा होता. बसल्याचं मांड्यांना कळत होतं, बाकी काहीच नाही.

शनिवारी चूल पेटवायची नसते, म्हणून घरी मिल्कानं कालचा गार भात वाढला.

"बसलात आज?"

"हं."

"वाईट वाटलं?"

त्यानं एक घास खाल्ला.

"नाही," तो म्हणाला. "मीठ दे."