बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्या औशाच्या घरी झालं. आई नव्हती, म्हणून ते माझ्या अंगावर पडलं. पडलं कसलं, मीच हौसेनं ओढून घेतलं. आईसारखं सगळं यथासांग करून दाखवायचं होतं मला.

खोलीला एकच खिडकी. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून ती बंद करून मी फटींतसुद्धा जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, बाळाला दोन वेळा ओवा-शेपाची धुरी. आतलं माणूस दिसेनासं व्हायचं. "आईच्या वर केलंस," असं शेजारणी म्हणायच्या आणि मी फुगून जायचे.

आठव्या दिवशी बाळ खोकू लागलं.

"ताई, खिडकी उघड की जरा. लई धूर व्हायलाय. लेकराला सोसंना."

"गप पड. तुला काय कळतंय?"

त्याच दिवशी लातूरची एक नर्स गावात देवी टोचायला आली होती. बहिणीनं हट्टच धरला, म्हणून तिला बोलावलं. तिनं आत येताच नाकाला पदर लावला, चिंध्या उपसल्या आणि खिडकी सताड उघडली. "शेगडी बाहेर न्या. लेकराच्या छातीत धूर बसलाय. खिडकी बंद करू नका," म्हणाली. संध्याकाळपर्यंत बाळाचा खोकला खरंच कमी झाला.

मला ते बघवलं नाही, खोटं कशाला सांगू. बहिणीचा डोळा लागल्यावर मी खिडकी लावली, चिंध्या कोंबल्या, शेगडी परत बाजेखाली सारली. वाऱ्याची भीती होतीच. पण परकी बाई येऊन मला शिकवते, याचा राग जास्त होता.

बाळाला बारावा दिवस दिसला नाही. बारशासाठी पुसून ठेवलेला पाळणा तसाच माळ्यावर गेला.

बहिणीनं एका शब्दानंही मला दोष दिला नाही. पुढची बाळंतपणं मात्र तिनं सासरी, उमरीलाच केली. माझ्याकडे यायची, हसून बोलायची. पण टेकण्याआधी जाऊन खिडकी उघडायची. दरवेळी.

माझं चुकलं, हे मी तिला कधी म्हणाले नाही. आता ती राहिली नाही. निदान ती यायच्या आधी आपल्या हातानं खिडकी उघडून ठेवावी, एवढंसुद्धा माझ्याच्यानं झालं नाही.