कौसाकाकूची दरोगहलफी

आमच्या गल्लीत कोणी सहज 'आईशपथ' म्हटलं की शेजारची कौसाकाकू हातातलं सूप घेऊन ओट्यावर यायची. "खरं हाय नं रे? न्हाई तं दरोगहलफी व्हईल." मला कितीतरी वर्षं ती शिवीच वाटायची. शेवटी विचारलंच. म्हणाली, निजामाच्या कोर्टातला शब्द हाय, तिचे वडील वापरायचे. दरोग म्हणजे खोटं, हलफ म्हणजे शपथ. शपथ घेऊन खोटं बोलणं. मोबाईलवर बघितलं तर दरोग फारसी, हलफ अरबी. कुठून कुठून निघाले आणि डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात काकूच्या तोंडात येऊन बसले!

काकूच्या शेताची वाट तिच्या पुतण्याच्या, उत्तमच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. त्यानं काटे टाकून ती बंद केली. काकू कळमनुरीच्या कोर्टात गेली. उत्तमनं तिथं शपथ घेऊन सांगितलं, इथं वाट कधी नव्हतीच. अरे, लहानपणी त्याच वाटेनं काकूच्या बैलगाडीत बसून हुरडा खायला जायचा हा! मी मागच्या बाकावर होतो, कान तापले माझे. काकू उभी राहिली, "साहेब, दरोगहलफी." वकिलानं तिला खाली बसवलं.

बाहेर चहाच्या टपरीपाशी आल्यावर ती उत्तमला म्हणाली, चल खंडोबापुढं, बेलभंडार उचल अन् हेच बोल. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन खोटं बोललं तर घर बसतं, असं आमच्याकडं मानतात. उत्तमचा चेहराच उतरला.

"ते काहून, काकू? ते देवाचं हाय. कोर्टात तं समदेच बोलतात."

"मंग कोर्टात काय भजे उचलले व्हते का?"

टपरीवरचे सगळे हसले. याचाच राग येतो मला अजून. उत्तम चुकीचं बोलला असं एकालाही वाटलं नाही. कोर्टातली शपथ म्हणजे काय, शाळेतली हजेरी?

मग उत्तमचा निरोप आला. बेलभंडाराचं काढू नको, केस मागं घे, वाट मोकळी करतो. घरचे म्हणाले, घे. काकू म्हणाली, "जिथं खोटं बोलला तिथंच खरं बोल म्हणावं. मंग वाट." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी नाल्यातून फेरा घालून शेतात जात राहिली.

यंदा उन्हाळ्यात ती गेली. आमच्यात ज्याच्या त्याच्या शेतातच अग्नी देतात. तिरडी धुऱ्यापाशी आली, आम्ही नाल्याकडं वळायला लागलो, तर उत्तम पळत आला आणि काटे ओढायला लागला.

"इकडून घ्या, इकडून. हीच जुनी वाट हाय."

सगळ्या गावानं ऐकलं. माझ्या खांद्यावर तिरडी होती, रडू आवरत नव्हतं, तरी म्हणालो, "उत्तमदादा, हे कोर्टात बोल."

तो काटे धरून तसाच उभा राहिला. केस आता काकूचा लेक चालवतोय. साक्षीदारांत माझं नाव आहे. उत्तम त्या दिवशी काय म्हणाला, ते मी शपथ घेऊन सांगणार.